प्रतिध्वनींतून हृदयाचें माप

छातीला कान लावून हृदयाचे ठोके ऐकणें ही वैद्यकाची फार जुनी रीत. 1816 सालीं पॅरिस येथें लेनेक या डॉक्टरानें कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीवर ठेविली आणि स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. 1895 सालीं राँटजेनचे क्ष-किरण आले व हृदयाची छाया दिसूं लागली. परंतु थकलेलें हृदय प्रत्येक ठोक्यास किती रक्त पुढें लोटतें, हा जो खरा प्रश्न, त्याचें उत्तर ना कानाला मिळे, ना छायेंत दिसे. तें मिळविण्याची एक वाट पुढें प्रतिध्वनीनें दाखविली. आणि तोही असा प्रतिध्वनि, कीं जो कोणाच्याच कानाला ऐकूं येत नाहीं.

स्वीडनमधील लुंड या विद्यापीठाच्या गांवीं इंगे एडलर नांवाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. हृदयाची द्विदल झडप आकुंचित झालेल्या रोग्यांवर त्या काळीं नुकत्याच शस्त्रक्रिया होऊं लागल्या होत्या. सर्जन धडधडत्या हृदयांत बोट घालून झडप मोकळी करी. पण झडप अरुंद आहे कीं गळकी, हें आधीं नीट कळलें नाहीं, तर रोगी सुधारण्याऐवजीं खालावे. हा निर्णय एडलर यांना द्यावा लागे, आणि हाताशीं असलेलीं साधनें अपुरीं होतीं. रडारसारखें कांहीं हृदयासाठीं वापरतां येईल काय, असें त्यांनीं हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थविज्ञानवेत्त्यास विचारलें. हर्ट्झ हे नांव रेडिओच्या श्रोत्यांस परकें नाहीं. ज्या हाइनरिश हर्ट्झच्या नांवानें लहरींची कंपनसंख्या मोजतात, त्याच घराण्यांतले हे गृहस्थ.

रडारच्या विद्युल्लहरी शरीरांत चालणार नाहींत, श्रवणातीत ध्वनि मात्र चालेल, असें हर्ट्झ यांचें मत पडलें. माल्मो येथील जहाजांच्या कारखान्यांत धातूंतील भेगा शोधण्याचें तसलें यंत्र होतें. तें त्यांनीं शनिवार-रविवारपुरतें मागून आणलें. छातीला लावतांच ठोक्यांच्या तालावर सरकणारा प्रतिध्वनि पडद्यावर दिसला. मग सीमेन्स कंपनीनें एक यंत्र उसनें दिलें आणि 29 ऑक्टोबर 1953 रोजीं हृदयाच्या हालचालीचें पहिलें प्रतिध्वनिलेखन झालें. त्यांतील ठळक रेघ कर्णिकेच्या भिंतीची असावी असा आरंभीं समज होता. ती झडपेच्या पाकळीची आहे, हें पुढें शवपरीक्षांनीं ठरलें. या कार्याबद्दल दोघांस 1977 सालीं लास्कर पारितोषिक मिळालें.

येथपर्यंत झडपेचा प्रश्न सुटला. पंपाच्या बळाचा नाहीं. डावी जवनिका भरलेली असतां तिच्यांत जितकें रक्त असतें, त्यांपैकीं शेंकडा किती बाहेर पडतें, यास डॉक्टर ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणतात. निरोगी हृदयांत तें निम्म्याहून अधिक असतें. 40 टक्के किंवा त्याखालीं गेलें म्हणजे हृदयाची आकुंचनशक्ति निश्चित क्षीण झाली असें मानतात. आतां जुन्या यंत्राला एकच रेघ दिसे. म्हणून जवनिकेचा व्यास मोजावयाचा, त्याचा घन करावयाचा आणि तेंच आकारमान समजावयाचें, अशी युक्ति निघाली. व्यास 5 सेंटीमीटर असल्यास आकारमान 125 घन सेंटीमीटर. पण मोजण्यांत अर्ध्या सेंटीमीटरची चूक होऊन तो साडेपांच ठरला, तर आकारमान 166 होतें. म्हणजे एक तृतीयांशानें वाढतें! शिवाय या हिशेबांत हृदय सुबक अंडाकृति असल्याचें गृहीत धरलेलें. निरोगी हृदय बरेंचसें तसें असतें. थकलेलें हृदय फुगून गोल होतें, झटक्यानंतर एखाद्या बाजूस फुगवटा धरतें. ज्या रोग्यांसाठीं माप हवें, नेमकें त्यांच्याच बाबतींत सूत्र फसावें, हा विलक्षण प्रकार होता.

1970 नंतरच्या दशकांत हलतें सपाट चित्र देणारीं यंत्रें आलीं. रॉटरडॅमचे बॉम, अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचे फॉन राम व थर्स्टन यांचीं नांवें येथें घेतलीं पाहिजेत. आपल्या घराघरांत ‘टू-डी इको’ म्हणून परिचित असलेली तपासणी ती हीच. दोन छेदांवरून जवनिकेच्या चकत्या कल्पून त्यांची बेरीज करतात. परंतु छेद किंचित तिरपा गेला कीं हृदयाचें टोंक सुटतें, आणि भाजी तिरपी चिरून तिच्या लांबीचा अंदाज बांधावा तशी गत होते.

तेव्हां संपूर्ण घनाकृति एकदम पाहावी हें ओघानेंच आलें. 1974 सालीं अमेरिकेंत यांत्रिक हाताला जोडलेल्या शोधकानें अनेक छेद घेऊन त्रिमिति हृदय जुळविण्याचा प्रयोग झाला. खरी अडचण ध्वनीच्या वेगाची होती. शरीरांत ध्वनि सेकंदास सुमारें 1540 मीटर चालतो; 15 सेंटीमीटर खोल जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा पांच-हजारावा भाग लागतो. हें अत्यल्प वाटतें. पण घनाकृतीस साठ गुणिलें साठ, म्हणजे 3600 रेघा लागल्या, तर एका चित्रास पाऊण सेकंद जाईल, आणि तेवढ्यांत हृदयाचा बहुतेक एक ठोका उरकतो! फॉन राम आणि स्मिथ यांनीं एकाच स्पंदनावर अनेक रेघा वाचण्याची योजना करून 1990 च्या सुमारास चालतें हृदय त्रिमितींत दाखविलें. 2002 सालीं सुमारें तीन हजार सूक्ष्म घटकांचा शोधक रुग्णालयांत आला.

या पद्धतींत आकाराचें गृहीत धरावें लागत नाहीं. चुंबकीय चित्रणाच्या मापाशीं तिचें माप टू-डीपेक्षां अधिक जुळतें, जरी तें अद्याप थोडें कमीच भरतें. याचें महत्त्व पुस्तकी नव्हे. पुरेसा औषधोपचार करूनही आंकडा 35 किंवा त्याखालीं राहिला, तर अचानक मृत्यु टाळणारें विद्युत्-यंत्र छातींत बसवावें कीं काय, याचा विचार त्यावर होतो. 33 आणि 38 यांतील फरक हा रोग्याच्या दृष्टीनें मोठा असतो.

मात्र उत्तम चित्रासाठीं कित्येकदां चार ठोक्यांचे तुकडे जोडावे लागतात व तोंवर रोग्यानें श्वास रोखावा लागतो. धाप लागलेल्या माणसास श्वास रोखून धर म्हणणें सोपें. त्याला तें जमावें कसें? ठोके अनियमित असले तर तुकड्यांचे सांधे चित्रांत उघडे पडतात. एका ठोक्यांत पूर्ण चित्र टिपणारीं यंत्रें आहेत. पण त्यांत हालचालीचा बारकावा कमी होतो. म्हणूनच 2015 सालीं अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञमंडळांनीं जी शिफारस केली, ती सावध होती: चित्र चांगलें मिळत असेल आणि तपासणारा अनुभवी असेल, तेथें त्रिमिति माप घ्यावें.