रतिनाच्या पणज्याची आई
ऑलिंपिकच्या शो जम्पिंगमधले विजेते चाळताना मला अरबी घोडा काही सापडेना. नवल नव्हते: खांद्याशी जेमतेम दीड मीटरचा हा प्राणी, आणि अडथळे एक मीटर साठ सेंटिमीटरच्या आसपासचे! मग मी नावे सोडून वंशावळी धरल्या. १९९२ साली बार्सिलोनात वैयक्तिक रौप्य व सांघिक सुवर्ण, १९९६ साली अटलांटात सांघिक सुवर्ण मिळवणारी रतिना झेड नोंदीला हॅनोव्हेरियन. बाप रामिरो, आजा रायमोंड, पणजा रामझेस. हा रामझेस १९३७ साली पोलंडमध्ये जन्मला, महायुद्धानंतर जर्मनीत वेस्टफेलिया आणि होल्स्टाइनच्या घोड्यांत त्याचा वंश पसरला. बाप थरोब्रेड, आई अरबी रक्ताची. बापाच्याच नावाने कूळ सांगायची खोड घोडेवाल्यांनाही आहे. त्या आईचे, जोर्दीचे, नाव शोधायला मला चार पिढ्या मागे जावे लागले.