छायाचित्र-सापळा

वन्य प्राण्याच्या हालचालीने वा देहोष्णतेने आपोआप कार्यान्वित होऊन त्याचे छायाचित्र टिपणारे साधन (कॅमेरा ट्रॅप). अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी १८९० नंतरच्या दशकात वाटेवर आडवी तार ताणून रात्री प्राण्यांची छायाचित्रे घेतली. भारतात वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी याच रीतीने टिपलेले वाघ १९२७ मध्ये ग्रंथरूपाने वाचकांसमोर आले. पुढे तारेची जागा अवरक्त संवेदकाने घेतली. १९९० नंतरच्या दशकात के. उल्लास कारंत यांनी नागरहोळे येथे पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या अनुमानिली. पाऊलठशांवरील जुन्या गणनेत एकच प्राणी दोनदा मोजला जाण्याचा संभव असे.

ठाणे शहराच्या पूर्वेस कोपरीची दाट वस्ती व खाडी, तर पश्चिमेस येऊरचे रान आहे. हे रान सु. १०४ चौ.किमी. क्षेत्राच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग होय. २००४ मध्ये उद्यानालगत बिबळ्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. २०१५ च्या पाहणीत उद्यान व परिसरातील ३५ बिबळे अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून वेगवेगळे ओळखता आले. त्यामुळे वस्तीजवळ दिसलेला बिबळ्या परका की तेथलाच रहिवासी, हे त्याला पकडण्यापूर्वी पडताळणे शक्य झाले.