बोहो कुर्ती आणि चुकलेला पत्ता

परवा लेकीला घेऊन कपड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "दादा, बोहो लूक आहे, हल्ली हेच चालतं." बोहो म्हणजे काय, हे त्याला माहीत नव्हतं. लेकीलाही नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

बोहो म्हणजे 'बोहेमियन'. चाकोरीबाहेर जगणारा माणूस. बिझार, ऊत्रे असे विचित्र नि अतिरेकी गोष्टींसाठीचे बरेच शब्द इंग्रजीने फ्रेंचांकडून उचलले, त्यातलाच हा एक. पण याच्या पोटात एक चुकलेला पत्ता आहे.

१४२७ साली पॅरिसच्या वेशीवर भटक्यांचा एक तांडा आला. फ्रेंचांना वाटलं, हे बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशातले. झाले 'बोहेमियाँ'! इंग्रजांना वाटलं इजिप्तचे, म्हणून 'जिप्सी'. दोघांचंही चुकलं. ही रोमा माणसं, मूळची आपल्याच उपखंडातली. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, कानाला कान, काळ्याला कालो म्हणतात. युरोपातल्या अभ्यासकांच्या हे लक्षात यायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १६८२ साली चौदाव्या लुईने फर्मान काढलं: बोहेमियाँ पुरुषांना खटला न चालवता जन्मभर राजाच्या जहाजांवर वल्ही मारायला पाठवा, बायकांची डोकी भादरा.

पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधले फाटके कवी-चित्रकार याच नावाने मिरवू लागले. १८५१ साली आंरी म्युर्जेचं त्यांच्यावरचं पुस्तक आलं. शब्द गाजला, इंग्रजीतही रुजला. कलावंताला तो मानाचा झाला. रोमांच्या वाट्याला मात्र संशयच राहिला.

असाच संशय आपल्याकडेही कायद्यात बसला. इंग्रज सरकारने १८७१ पासून कितीतरी भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला. पण डोक्यातून गेला का?

माझ्याच डोक्यातून गेला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका चोरीच्या बातमीत मी लिहून गेलो, 'भटक्या टोळीचा हात असल्याचा संशय'. पुरावा काय, तर गावाबाहेर पालं पडली होती. चोर गावातलाच निघाला. तोवर पालं उठून गेली होती. मी दुरुस्तीही छापली नाही. छापायला हवी होती.

सध्या त्याच माळावर पुन्हा पालं पडली आहेत. यावेळी काही लिहायच्या आधी तिथं जाऊन बसणार आहे. पत्ता त्यांनाच विचारणार आहे.