दाभोळ नक्की कशाने संपलं?

दाभोळ म्हटलं की बऱ्याच जणांना अजूनही एन्रॉनच आठवतं. गंमत म्हणजे तो प्रकल्प दाभोळात नाहीच! तो वाशिष्ठीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ. खरं दाभोळ खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. धोपाव्याहून फेरीबोटीने आलात की धक्क्यापासून जवळच नारळीच्या झाडांत एक मोठा घुमट दिसतो. हीच अंडा मशीद. काळ्या दगडाची, चार मिनारांची, थेट विजापुरी घाटाची.

गोष्ट अशी सांगतात की विजापूरची एक शाहजादी मक्केला निघाली, काही कारणाने इथेच अडकली आणि प्रवासाचा पैसा तिने या मशिदीवर खर्च केला. खरं-खोटं असो, पण बांधकामाचा काळ लक्षात ठेवा: १६५९-६०च्या सुमारास.

आता थोडं मागे जाऊ. बहामनी राज्यात दाभोळ मोठं बंदर होतं. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७०च्या दशकाच्या सुरुवातीला परतीच्या प्रवासाला निघाला तो इथूनच. मग डिसेंबर १५०८. त्याच वर्षी चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला होता. सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या आल्मेदाने वाटेत दाभोळ जाळलं, बायका-मुलंसुद्धा सोडली नाहीत.

'पोर्तुगीजांनी दाभोळ संपवलं' असं आपण सहज म्हणून जातो. पण संपलेल्या गावात दीडशे वर्षांनी एवढी मशीद कोण बांधेल हो? गाव पुन्हा उभं राहिलं होतं. का? कारण मागची वाट शाबूत होती. खाडीतून चिपळूण, कुंभार्ली घाट आणि वर देश. घोडे उतरायचे ते वरच्या राजधान्यांसाठी. आधी बहामनींच्या, मग विजापूरच्या.

म्हणजे बंदर समुद्रापेक्षा त्याच्या मागच्या मुलखावर जगतं. मशीद झाल्यावर लवकरच दाभोळ शिवाजी महाराजांकडे आलं, १६८६ साली विजापूर औरंगजेबाने घेतलं, व्यापार सुरत-मुंबईकडे सरकला. मला वाटतं, दाभोळ खरं संपलं ते तेव्हा. आगीत नाही, गिऱ्हाईक गेल्यामुळे.

जळाल्याची तारीख पुस्तकात सापडते. असं हळूहळू ओसरण्याची तारीख नसते, म्हणून आपण ते विसरतो. राहिलं होतं नाव, तेही पलीकडच्या तीरावरच्या प्रकल्पाने घेतलं. गुहागरला जाणार असाल तर एकदा खाडी ओलांडाच. मशीद बघा, आणि मग तिथून वर घाटाच्या दिशेने बघा.