रमाबाई आंबेडकर नगर गोळीबार

रमाबाई आंबेडकर नगर गोळीबार ही मुंबईतील घाटकोपर (पूर्व) येथील माता रमाबाई आंबेडकर नगर या वसाहतीत ११ जुलै १९९७ रोजी घडलेली घटना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करण्यासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या झाडल्या. त्यात १० जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला बारा वर्षांनी सत्र न्यायालयाने दोषी ठरवले. निदर्शकांवरील गोळीबाराबद्दल पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा सुनावली गेल्याची उदाहरणे भारतात फार थोडी आहेत.

घटनाक्रम

वसाहतीतील पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे ११ जुलैच्या पहाटे रहिवाशांच्या लक्षात आले. सकाळी जमाव वाढत गेला व लगतचा पूर्व द्रुतगती महामार्ग अडवण्यात आला. साडेसातच्या सुमारास उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या नेतृत्वाखालील तुकडी तेथे पोहोचली आणि काही वेळातच तिने गोळीबार केला. मृतांमध्ये आंदोलनाशी संबंध नसलेले लोकही होते. दुपारी वसाहतीत लाठीमार व अश्रुधुराचा वापर झाला.

त्या वेळी राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. मुख्यमंत्रिपदी मनोहर जोशी, तर गृहमंत्रिपदी गोपीनाथ मुंडे होते. आंबेडकरी चळवळीतील शाहीर विलास घोगरे यांनी १५ जुलै रोजी आत्महत्या केली.

चौकशी आयोग

शासनाने न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवण्याच्या बेतात होता, त्यामुळे गोळीबार अटळ ठरला, असे पोलिसांचे म्हणणे होते. संपूर्ण वाद या टँकरांभोवतीच फिरत राहिला, कारण धोका खरा असता तर आदेशाचे समर्थन करता आले असते. आयोगाने हा बचाव मान्य केला नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने भारतातील जातीय अत्याचारांवरील १९९९ च्या अहवालात या घटनेची नोंद घेतली.

चौकशी आयोग अधिनियम, १९५२ अन्वये नेमलेल्या आयोगाचे निष्कर्ष न्यायनिर्णय नसतात; शिक्षेसाठी स्वतंत्र फौजदारी खटला चालवावा लागतो. शिवाय बेकायदा जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवर खटला भरण्यास तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ नुसार राज्य शासनाची मंजुरी आवश्यक होती. म्हणजे ज्या शासनाचे पोलीस, त्याच शासनाच्या संमतीवर खटला अवलंबून असे.

खटला

शिवडी येथील जलदगती सत्र न्यायालयाने ७ मे २००९ रोजी कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. साधारण आठवडाभरातच मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन त्यांना जामीन मंजूर केला. बारा वर्षे निकालाची वाट पाहणाऱ्या वसाहतीत या जामिनाबद्दल नाराजी उमटणे स्वाभाविक होते.

भरपाईचा प्रश्न

अमेरिकेत पोलीस दल बहुधा नगर प्रशासनाच्या अखत्यारीत असल्याने अशा प्रकरणांतील दावे शहरेच तडजोडीने मिटवतात. २०२० च्या निदर्शनांतील पोलीस वर्तनाबद्दलच्या दाव्यात न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे मुंबई महानगरपालिकेवर असे दायित्व येत नाही. दाद राज्य शासनाकडेच मागावी लागते. शासन अशा वेळी देते ते बहुधा सानुग्रह अनुदान असते. त्यात चुकीची कबुली अभिप्रेत नसते.

हक्क म्हणून भरपाई मागण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या रुदुल साह (१९८३) व नीलाबती बेहेरा (१९९३) या निकालांनी खुला केला. हे दोन्ही निकाल कोठडीशी संबंधित होते. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये झालेल्या पोलीस कारवाईबद्दल मात्र याच न्यायालयाने २०१२ मध्ये मृत महिलेच्या वारसांना ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्यातील २५ टक्के भार आयोजक न्यासावर टाकण्यात आला.

चित्रपट

रमाबाई नगरातील गोळीबार, घोगरे यांचा मृत्यू आणि त्यानंतरची आंबेडकरी शाहिरी यांवर आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तयार केला. तो २०११ मध्ये प्रदर्शित झाला.