झोप, जाग आणि तीन बाइट

मागच्या रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉपचं झाकण उघडलं. पंखा फिरायला लागला, पॉवरचा दिवा लागला, पण स्क्रीन काळीठिक्कर. कीबोर्डवर बोटं आपटून झाली, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा पेटेना. शेवटी बटण दाबून धरलं आणि जीव घेतला बिचाऱ्याचा. रात्री दोनपर्यंत लिहिलेलं, सेव्ह न केलेलं सगळं गेलं. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

"रात्री सरळ बंद का नाही करत?" बायकोने विचारलं. प्रश्न रास्त होता. पण झाकण मिटलं की झोपायचं आणि उघडलं की जागं व्हायचं, एवढं साधं काम कॉम्प्युटरला इतकं जड का जातं? उत्तर शोधायला गेलो आणि रविवार त्यातच संपला. तर मंडळी, ही त्याची गोष्ट.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाचं स्टँडर्ड आणलं. त्यात झोपेचा कारभार बायोसकडे होता. कोणाला कधी झोपवायचं हे बायोस आपल्या टायमरवर ठरवायचा. ऑपरेटिंग सिस्टिम काय करतेय याची त्याला नीट कल्पना नसायची. म्हणजे घरात पाहुणे जेवतायत आणि वॉचमनने मेन स्विच बंद केला, असा प्रकार.

म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणलं. आता निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमचा. झोपेच्या पायऱ्याही ठरल्या: एस-० म्हणजे टक्क जागा, एस-५ म्हणजे बंद. मधली एस-३ म्हणजे आपली नेहमीची 'स्लीप', ज्यात फक्त रॅमला वीज मिळते. आणि एस-४ म्हणजे हायबरनेट, ज्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडतात.

खरी मारामारी एस-३ मधून उठताना होते. प्रोसेसर सगळं विसरलेला असतो. ग्राफिक्स कार्ड, वायफाय, यूएसबी यांचीही स्मृती गेलेली. बायोस फक्त "इथून पुढे चालू कर" म्हणून रॅममधल्या एका पत्त्यावर उडी मारतो आणि हात झटकतो. मग प्रत्येक ड्रायव्हरने आपापल्या डिव्हाइसला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. एकानेही मान टाकली की सगळं घर अडतं. विंडोजवाल्यांना 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' अशी निळी स्क्रीन आठवत असेल. ती याच कुटुंबातली.

लिनक्सची अडचण आणखी वेगळी. एसीपीआयमध्ये लॅपटॉप बनवणारी कंपनी छोटे प्रोग्रॅम फर्मवेअरमध्ये भरून देते आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते चालवते. कंपनी हे प्रोग्रॅम बहुतेक वेळा विंडोजवर तपासायची. तिथे चाललं की माल बाजारात. फर्मवेअर विचारतं, "तू कोण? विंडोज का?" आणि लिनक्स चक्क "हो" म्हणतं! कारण खरं सांगितलं तर कोणीच न तपासलेल्या रस्त्यावर जायची भीती.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. २४ जानेवारी १९९९ ला बिल गेट्सने कंपनीतल्या सहकाऱ्यांना ईमेल लिहिला होता. आशय असा की कष्ट आपण आणि आपल्या पार्टनर्सनी करायचे आणि लिनक्स मात्र फुकटात छान चालायचं, हे बरं नाही. एसीपीआयची एक्स्टेन्शन्स विंडोजपुरती ठेवता येतील का? अमेरिकेत आयोवामधल्या एका खटल्यात हा ईमेल पुराव्यात आला. लिनक्सवाल्यांनी त्यावर भरपूर आगपाखड केली. माझ्या मते मात्र बहुतेक लॅपटॉप न उठण्यामागे कारस्थानापेक्षा आळस जास्त आहे. जे तपासलं नाही ते चालत नाही, एवढंच. नोकरीत रोज बघतो आपण :)

आता माझा आवडता भाग. मशीन उठताना अडकलं, तर कुठे अडकलं ते कळणार कसं? स्क्रीन नाही, डिस्क नाही, नेटवर्क नाही. रीबूट केलं की रॅममधला पुरावाही गेला. २००६ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने यावर अफलातून जुगाड केला. रीबूटनंतरही टिकणारी एक गोष्ट प्रत्येक पीसीत असते, ती म्हणजे मदरबोर्डवरचं घड्याळ. लिनसने त्या घड्याळातच खुणा लिहिल्या! १०० वर्षं, १२ महिने, २८ दिवस, २४ तास आणि तीन-तीन मिनिटांचे २० टप्पे. गुणाकार करा: १ कोटी ६१ लाख २८ हजार. म्हणजे जेमतेम तीन बाइट. प्रत्येक डिव्हाइसला उठवण्याआधी त्याची खूण घड्याळात टाकायची. अडकलं की रीबूट करायचं आणि तारीख वाचायची. फक्त घाई करायची, कारण घड्याळ चालूच असतं; तीन मिनिटं उलटली की पुरावा बदलला.

ही सोय, पीएम ट्रेस, लिनक्समध्ये अजून आहे. दुपारी चालू केली, झाकण मिटलं, उघडलं, अडकलं, धावतपळत रीबूट. लॉगमध्ये दोन नावं जुळली. खूण छोटी, त्यामुळे असं होतं. त्यातलं एक वायफाय कार्डाचं. झोपण्याआधी त्याचा ड्रायव्हर उतरवणारी आणि उठल्यावर परत चढवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. तेव्हापासून सहा दिवस झाले, एकदाही अडकला नाही. तारीख मात्र भलत्याच शतकात गेली होती आणि ब्राउझर एकही साइट उघडेना. ती हाताने दुरुस्त केली.

आता अनेक नव्या लॅपटॉपमधून एस-३ काढूनच टाकलंय. त्याऐवजी आलंय 'मॉडर्न स्टँडबाय'. स्क्रीन बंद, पण मशीन कागदोपत्री एस-० मध्येच, म्हणजे जागं. मोबाइलसारखं चटकन उठतं खरं, पण बॅगेत तापलेला लॅपटॉप आणि रिकामी बॅटरी ही त्याची नवी दुखणी. आपल्याकडे म्हणतातच, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही.

असो. बायकोचा सल्ला अर्धा मानलाय. रात्री लॅपटॉप झोपतोच, पण आता आधी सेव्ह करतो.