पिरान्हा : ओळख आणि व्यापारी नावे

पिरान्हा : दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या, सेरासाल्मिडी कुलातील तीक्ष्ण दातांच्या माशांचे सामान्य नाव. ते ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे जगभर गेले. ॲमेझॉन, ओरिनोको, पाराग्वाय-पाराना आणि साओ फ्रान्सिस्को या नद्यांची खोरी हे या माशांचे मूळ घर. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे आरे कॉलनी या दूध वसाहतीच्या चहूबाजूंनी पसरलेल्या गोरेगाव, मरोळ, पवईच्या वस्तीत, ज्या माशाला हे नाव लावले जाते तो बहुतेक वेळा पिरान्हा नसतोच. तो असतो त्याच कुलातला, फळे-बिया खाणारा पाकू. म्हणून या नोंदीत पिरान्ह्याइतकीच जागा पाकूलाही द्यावी लागते.

एक मासा, दोन पाट्या : पायारॅक्टस ब्रॅकिपोमस हा लाल पोटाचा पाकू. बोटुकली आकाराचा असताना त्याचे अंग चंदेरी, त्यावर काळसर ठिपके आणि गळ्यापासून पोटापर्यंत नारिंगी-लाल झाक असते. त्याच वयाचा खरा लाल पोटाचा पिरान्हा जवळपास असाच दिसतो. शिकाऱ्याने वचकून दूर राहावे यासाठी पाकूच्या पिल्लाने घेतलेले हे सोंग आहे, असे अभ्यासक मानतात. मत्स्यालयाच्या दुकानदाराला ते सोंग आयतेच मिळते. काचेवर ‘पाकू’ लिहिले तर गिऱ्हाईक पुढच्या टँककडे वळते. ‘पिरान्हा’ लिहिले की शाळेतून येणारी पोरे नाक काचेला लावून उभी राहतात. हाच मासा शेततळ्यात वाढून किलोभराचा झाला, की थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर निजून आंध्रातून येतो आणि रोहू-कटल्याच्या शेजारी ‘रूपचंद’ म्हणून मांडला जातो. बोटभर असताना खलनायक, किलोभर झाल्यावर शेठजी!

ओळख : सर्वांत भरवशाची खूण दात. पिरान्ह्याच्या दोन्ही जबड्यांत दातांची एकेकच ओळ असते. दात त्रिकोणी, पात्यासारखे आणि शेजारच्या दातात अडकलेले असतात. तोंड मिटले की वरची ओळ खालच्या ओळीवर कात्रीसारखी बसते. पाकूचे दात रुंद, बोथट, दाढांसारखे असून वरच्या जबड्यात त्यांच्या दोन ओळी असतात; पुराच्या पाण्यात पडलेली फळे आणि टणक कवचाच्या बिया फोडणे हे त्यांचे काम. बाजारातल्या रूपचंदाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढून पाहावा. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच, कारण माशाच्या तोंडात कोणी माणसाची कवळी बसवून ठेवावी तसे ते दिसते. दोघांत एक साम्यही आहे. हे मासे दात एकेक करून बदलत नाहीत. जबड्याच्या एका बाजूचे सगळे दात एकदम पडतात आणि खाली तयार असलेली नवी ओळ वर येते.

टँकमधल्या जिवंत पिल्लाचे तोंड उघडून बघणे अर्थातच शक्य नसते. तिथे मासा बाजूने पाहावा. पिरान्ह्याचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला असतो, बुलडॉगसारखा. पाकूची हनुवटी पुढे येत नाही आणि चेहरा गरीब वाटतो. खाण्यावरूनही अंदाज येतो. पाकू पाण्यावर टाकलेल्या गोळ्यांवर लगेच तुटून पडतो, पिरान्ह्याची पिल्ले मात्र सहसा बुजरी, कोपरा धरून राहणारी असतात. ‘किती हावरट आहे बघा, खरा पिरान्हा!’ असे दुकानदार कौतुकाने म्हणाला, तर तो बहुधा नकळत पाकूचीच साक्ष देत असतो.

पाकूतही दोन जाती व्यापारात आहेत. लाल पोटाचा पाकू वर सांगितलाच. दुसरा कोलोसोमा मॅक्रोपोमम, ब्राझीलमधील ‘ताम्बाकी’, शोभेच्या माशांच्या व्यापारातला ‘ब्लॅक पाकू’. शेपटीच्या आधी पाठीवर असलेला छोटा मेदपर पाहावा : मोठ्या ताम्बाकीच्या मेदपरात किरणे असतात, लाल पोटाच्या पाकूच्या मेदपरात ती नसतात. दोन्ही मासे दोन-अडीच फुटांवर जाऊ शकतात. फ्लॅटमधल्या टँकची लांबी बहुधा तेवढी नसते, आणि पुढची गुंतागुंत तिथून सुरू होते.

खरे पिरान्हे : पायगोसेंट्रस या प्रजातीतले मासे म्हणजे चित्रपटांतला पिरान्हा. बोजड डोके, कपाळाला बाक, भक्कम जबडा. यातला सर्वांत प्रसिद्ध पायगोसेंट्रस नॅटेरेरी, लाल पोटाचा. त्याचे वर्णन क्नेर या मत्स्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये केले आणि ब्राझीलमध्ये अनेक वर्षे नमुने गोळा करणाऱ्या योहान नॅटेरर या ऑस्ट्रियन निसर्गअभ्यासकाचे नाव त्याला दिले. व्यापारात तो ‘रेड बेली’. अधिक लाल दिसला तर ‘सुपर रेड’. पाराग्वाय-पारानाकडच्या पिवळसर पोटाच्या माशांना ‘टर्नेट्झी’ म्हणतात. हे एके काळी शास्त्रीय नाव होते, आज ते नॅटेरेरीचेच जुने नाव मानतात, पण व्यापाराने ते सोडलेले नाही. ओरिनोकोतला पायगोसेंट्रस करीबा कल्ल्यामागच्या ठळक काळ्या डागावरून ओळखू येतो. साओ फ्रान्सिस्को नदीतला पायगोसेंट्रस पिराया या तिघांत सर्वांत देखणा. पोटाकडून वर चढणाऱ्या पिवळ्या-नारिंगी ज्वाळांसारखा त्याचा रंग असतो.

सेरासाल्मस या दुसऱ्या प्रजातीचे मासे अधिक चपटे, चौकटच्या आकाराचे. डोक्यामागे मानेवर खोलगट वळण दिसते, आणि टाळूवरही दात असतात, जे पायगोसेंट्रसमध्ये नसतात. हे मासे एकमेकांचे पर आणि खवलेही कुरतडतात, म्हणून टँकमध्ये ते एकेकटे ठेवतात. व्यापारी नावांचा खरा गोंधळ याच प्रजातीत आहे. सेरासाल्मस ऱ्होम्बियस या एकाच जातीला, जिचे नामकरण खुद्द लिनियसने १७६६ मध्ये केले, ‘ब्लॅक’, ‘व्हाइट’ आणि ‘रेड आय’ अशी तिन्ही रंगांची नावे आहेत! पिल्लू चंदेरी म्हणून व्हाइट, म्हातारा काळवंडलेला म्हणून ब्लॅक, आणि वयाबरोबर डोळा लाल होतो म्हणून रेड आय. खवले चमचमले की ‘डायमंड’, शिंगू नदीतून आला असे सांगायचे असले की ‘शिंगू’. उलट ‘गोल्ड पिरान्हा’ हे नाव एक असून स्पिलोप्ल्युरा, मॅक्युलॅटस अशा एकाहून अधिक जातींवर चिकटवले जाते. लांबट सेरासाल्मस एलाँगेटसला ‘पाइक’ आणि गळ्यावर लाली असलेल्या सांचेझीला ‘रुबी रेड’ म्हणतात. ऱ्होम्बियसचे लहान पिल्लू आणि सांचेझी यांत अनुभवी माणूसही फसतो.

या सगळ्या नावांत रंगाचे नाव सर्वांत कमी कामाचे. लाली खाण्यावर, उजेडावर, वयावर अवलंबून असते. विणीच्या काळात नॅटेरेरी काळपट होतो आणि म्हातारा झाल्यावर फिका पडतो. आज विकत घेतलेला ‘सुपर रेड’ दोन वर्षांनी नुसताच मासा उरतो. नदीचे नाव मात्र उपयोगी, कारण एकाच जातीचे मासे खोऱ्याखोऱ्यात वेगळे दिसतात. अट एवढीच, की ते नाव खरे असावे. पिशवीतल्या माशाला नदीचा दाखला कोणी जोडून देत नाही.

चाव्याबद्दल एक आकडा देण्यासारखा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ऱ्होम्बियसच्या चाव्याचे बळ ३२० न्यूटन भरले, म्हणजे त्या माशाच्या वजनाच्या जवळपास तीसपट. पण माणसे खाणारा झुंडखोर ही कीर्ती मुख्यतः थिओडोर रूझवेल्ट यांच्या १९१४ मधील ब्राझीलच्या प्रवासवर्णनाची आणि १९७८ च्या ‘पिरान्हा’ चित्रपटाची देणगी. पुढच्या अभ्यासात असे दिसले, की हे मासे थवा करतात तो प्रामुख्याने शिकाऱ्यांपासून बचावासाठी.

रूपचंद आणि नटर : पाकू भारतात आला तो २००३-०४ च्या सुमारास बांगलादेशमार्गे, आधी पश्चिम बंगाल आणि मग आंध्र. बंगालीत ‘रूपचांदा’ म्हणजे पापलेट. गोलसर, चंदेरी दिसणाऱ्या पाकूला ते नाव चिकटले आणि भाव मिळाला. मराठी मुलखात येईपर्यंत त्यातला चंद्र विसरला जाऊन पेढीवरच्या माणसासारखा ‘रूपचंद’ झाला. बांगलादेशात खरा पिरान्हाही याच नावाखाली खपवला जाई. तिथल्या सरकारने २००८ मध्ये पिरान्ह्यावर बंदी घातली. केरळात पाकूला ‘नटर’ म्हणतात. हे नाव नॅटेरेरीचेच! एका ऑस्ट्रियन माणसाचे नाव पिरान्ह्याला मिळाले, पिरान्ह्यावरून चुकून पाकूला लागले आणि मलयाळी बाजारात रुळले.

पापलेट आणि रूपचंद यांत घोटाळा होण्याचे कारण नाही. पापलेटच्या पोटाखाली पर नसतात, रूपचंदाच्या असतात. रूपचंदाच्या पाठीवर शेपटीआधी मेदपर असतो, तो पापलेटला नसतो. तळून ताटात आल्यावर मात्र या खुणा कोण पाहतो? २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवले. कोकणी घरांत गोड्या पाण्याच्या मासळीविषयी नाक मुरडण्याची चाल अजून आहे, पण पापलेटचा भाव ऐकून ते नाक हळूहळू खाली येते.

आरे आणि नाव : व्यापारी नावांची नोंद आरेच्या संदर्भात द्यायला आणखी एक कारण आहे. आरे हे स्वतःच गावाचे नाव व्यापारी नाव झाल्याचे उदाहरण. १९४९ मध्ये येथे दूध वसाहत झाली आणि मुंबईसाठी ‘आरे’ म्हणजे दूध झाले, पुढे दुधाचे केंद्र झाले आणि मग ज्या टपरीवर बिस्किटापासून वडापावापर्यंत सगळे मिळते ती टपरी झाली. या वसाहतीचे शिल्पकार दारा खुरोडी यांच्याच नावावर आणखी एक यशस्वी व्यापारी नाव जमा आहे : टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून केलेले हे दूध स्वस्त आणि पौष्टिक होते, आणि नावाने काहीही लपवले नव्हते. पाकूला पिरान्हा म्हणणे त्या पंक्तीत बसत नाही.

सोडून दिलेले मासे : ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांतून निघते आणि मालाडच्या खाडीला मिळते. मिठीला विहार आणि पवई तलावांचे पाणी मिळते. आरेच्या पाड्यांवरची माणसे पावसाळ्यात याच भागातल्या ओढ्यांत खेकडे आणि चढणीचे मासे धरतात. टँकमध्ये मावेनासा झालेला मासा ‘बिचारा जगेल’ म्हणून सोडायला उपनगरातल्या माणसाला हेच पाणी सर्वांत जवळचे, आणि मुंबईचे ऊबदार पाणी दक्षिण अमेरिकेच्या माशाला मानवतेही. केरळात २०१८ च्या पुरानंतर वेंबनाडसारख्या पाणवठ्यांत पाकू आणि अरापायमा हे दक्षिण अमेरिकेचे मासे सापडले. ते शेततळ्यांतून आणि टँकमधून सुटलेले होते. तलावात ‘पिरान्हा सापडला’ अशी बातमी आली की बहुधा असाच एखादा पाकू जाळ्यात आलेला असतो. घाबरण्याचे कारण नाही, पण तो सापडणे ही चांगली बातमीही नव्हे. स्थानिक माशांच्या वाट्याचे अन्न आणि जागा तो घेतो.

तेव्हा घरी वाढलेला ‘पिरान्हा’ नकोसा झाला तर आरेतल्या छोटा काश्मीर बागेच्या तलावात किंवा तिथल्या ओढ्यात सोडू नये. दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठा टँक असलेल्या माणसाकडे सोपवावा. आणि नवा घेण्याआधी काचेवरची पाटी बाजूला ठेवून त्याची हनुवटी पाहावी.